तीनशे भोकांचा कन्व्हर्टर

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हाच बाईंनी नाक मुरडलं. गाडी अजून दिसतही नव्हती, नुसती ऐकू येत होती. समोरच्या शिंप्याच्या दुकानाची काच थरथरली, पत्र्यावरची दोन कबुतरं उडाली आणि केबिनमधल्या टेबलावर चहाचा कप बशीत किणकिणला. "आला एक भोंगा," असं म्हणून बाईंनी उरलेला चहा संपवला. त्या माणसाचं नाव विचारायच्या आधीच त्याचं नाव पडलं होतं, आणि पुढे तेच राहिलं.

बाईंना गॅरेजात सगळे बाईच म्हणत, कारण अकरा वर्षं त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होत्या. शाळा बंद पडली आणि बाई नवऱ्याच्या गॅरेजात येऊन बसल्या. वेगवान गाड्यांचे सायलेन्सर आणि धुराचे पाइप बदलून देणारं गॅरेज. बोर्डावर नाव नवऱ्याचं, हत्यारं नवऱ्याची, गिऱ्हाइकं नवऱ्याच्या ओळखीची. बाईंचं म्हणून तिथे एकच होतं, ते म्हणजे सही. पाइप बदललेल्या गाडीत धूर साफ करणारा योग्य कन्व्हर्टर बसवलाय, असं लिहून द्यायला सहीचा अधिकार लागतो, आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. बाई ती परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाल्या होत्या. नवरा दोनदा बसला आणि दोनदा आपटला. ही गोष्ट त्या त्याला कधी बोलून दाखवत नसत. आठवड्यातून एकदाच.

पण ही सही सध्या जरा अडचणीत होती. गाडीत कन्व्हर्टर बसवल्यावर चार महिन्यांनी सरकारी केंद्रावर धुराची तपासणी होते. सही करणाऱ्याच्या चुकीने दोन गाड्या नापास झाल्या की सहीचा अधिकार जातो, आणि गेला की परत मिळत नाही. बाईंच्या नावावर एक गाडी आधीच लागली होती. त्या नापासाला जबाबदार नवऱ्याचा पाइप, असं त्यांचं मत. त्याने पाइपाला असं काही वळण दिलं, की कन्व्हर्टर पार मागच्या चाकाजवळ जाऊन बसला. तिथे तो तापेना, आणि कन्व्हर्टर तापला नाही तर तो नुसता पोलादाचा डबा. वळण पास करणारी सही बाईंचीच होती, पण तो मुद्दा त्या फारसा उगाळत नसत. आता आणखी एक गाडी नापास झाली की बाई त्या गॅरेजात नुसत्या मालकाची बायको उरणार होत्या. ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती.

भोंगा गाडीतून उतरला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, अंगात पोरासोरांनी घालावं तसं चमकदार जाकीट. गाद्या-उशांचं दुकान होतं म्हणे त्याचं. दिवसभर लोकांना झोपवायचे धंदे करायचे आणि स्वतः गाडीत बसून गल्ली उठवायची, बाईंनी मनातल्या मनात शेरा मारला. त्याच्या काखेत एक सोनेरी खोकं होतं. ते त्याने टेबलावर इतक्या हळुवार ठेवलं, जणू आत अंडी होती.

"बाई, हा मी आणलाय. शंभरचा. शर्यतीच्या गाड्यांना लावतात तो."

"तुम्ही शर्यतीत भाग घेता?"

"नाही, तसं काही नाही."

"मग शर्यतीच्या गाडीचा कन्व्हर्टर कशाला? दुकानात उशिरा पोचलात तर गाद्या उठून जाणार आहेत का?"

भोंगा हसला. बाईंना हा प्रकार आवडत नसे. टोमणा मारला की माणसाने निदान ओशाळावं, एवढी त्यांची माफक अपेक्षा होती.

त्यांनी खोकं उघडलं, कन्व्हर्टर बाहेर काढला आणि उजेडाकडे धरून एका डोळ्याने आरपार बघितलं. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती, पण घरं ही एवढाली. "हे बघा," त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "ह्या जाळीवर महागड्या धातूंचा पातळ थर असतो. तापलेला धूर त्याला घासून गेला की त्यातलं विष मरतं. चौरस इंचात भोकं जितकी जास्त, तितका धूर जास्त घासला जातो. कंपनीने तुमच्या गाडीला चारशे भोकांचा दिला होता. ह्यात शंभर आहेत. म्हणजे धूर ह्यातून जातो तो, आपण लग्नाच्या हॉलमधून जेवून बाहेर पडतो तसा, कोणाला न भेटता."

"पण गाडी मोकळी होते म्हणतात."

"होते ना. आणि चार महिन्यांनी नापास होते."

"मित्र म्हणतो, कन्व्हर्टर काढूनच टाक. मागच्या सेन्सरला एक छोटा तुकडा जोडला की गाडीच्या कॉम्प्युटरला काही कळतच नाही."

"कॉम्प्युटरला कळत नसेल. तुमच्यामागे सिग्नलला स्कूटरवर बसलेल्या माणसाच्या छातीला कळतं. मित्राला म्हणावं, तू तुझं नाक असंच काढून टाक, तुझाही श्वास मोकळा होईल."

भोंगा पुन्हा हसला. बाहेर लिफ्टखाली उभा असलेला नवराही हसला, आणि बाईंनी काचेतून त्याच्याकडे असं बघितलं की तो पाना शोधायला लागला.

अशी माणसं बाईंनी शेकड्यांनी पाहिली होती. त्यांना आवाज हवा असतो आणि ते त्याला ताकद म्हणतात. कुठल्या तरी पोरट्याचा व्हिडिओ बघून येतात आणि त्याला अभ्यास म्हणतात. वर खोटं बोलतात ते वेगळंच. एका दातांच्या डॉक्टरने आपण गाडी कधी पळवतच नाही असं शपथेवर सांगितलं होतं, आणि त्याच्या चाकांचं रबर पिसासारखं सोललेलं होतं. तेव्हापासून बाईंनी नियम केला होता, गिऱ्हाइकाला काही विचारायचं नाही. स्कॅनर लावायचा, मीटर लावायचे, टॉर्च मारायची आणि जे काय ते गाडीला विचारायचं. ह्या नियमाचा त्यांना फार अभिमान होता.

त्यांनी तो नियम भोंग्याच्या गाडीलाही लावला. इंजिन केवढं, कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून ताकद किती वाढवली आहे, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या तोंडाचा व्यास किती, गाडीच्या पोटाखाली पाइपासाठी जागा किती, पेट्रोल जास्त तर पडत नाही, सगळं वहीत उतरवलं. इंजिनातल्या तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल काठोकाठ, रंग मधासारखा. "निदान तेल तरी वेळेवर बदलता," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून निघालेलं हे त्या दिवसातलं सगळ्यांत गोड वाक्य होतं.

"बाई, त्या तेलावरनंच एक सांगायचं होतं..."

"मी माणसांना विचारत नाही. गाडीला विचारते."

"तसं नाही, पण ती गाडी..."

बाईंनी हात वर केला. वर्गात मागच्या बाकावर कुजबुज झाली की त्या असाच हात वर करत. "बसा," त्या म्हणाल्या. पन्नाशीचा तो माणूस खरंच खुर्चीवर बसला.

मग बाईंनी निवड केली, आणि निवड चोख होती, हे त्यांच्या शत्रूनेही मान्य केलं असतं. चारशेचा ठेवला तर वाढलेल्या ताकदीला घसा आवळल्यासारखं होणार. दोनशेचा नवा असताना पास होतो, पण चार महिन्यांनी काठावर येतो, आणि काठावर राहायची बाईंची ऐपत नव्हती. मातीच्या जाळीचा स्वस्त असतो, पण टर्बोच्या जवळ धक्क्याने तडकतो. त्यांनी तीनशे भोकांचा, पत्र्याच्या जाळीचा, जाड थराचा कन्व्हर्टर मागवला आणि तो टर्बोपासून वीतभर अंतरावर, लवकर तापेल असा बसवायला सांगितला. बोटभरही इकडे-तिकडे नको, असं नवऱ्याला तीनदा बजावलं.

बसवायला पूर्ण दिवस गेला. नवऱ्याचं वेल्डिंग मात्र बघत राहावं असं असतं, रांगेत मांडलेल्या नाण्यांसारखं. भोंगा लिफ्टजवळ उभा राहून दिवसभर त्याच्याशी गप्पा मारत होता. नवऱ्याला कोणीही चालतं. रस्त्यातला खांब बोलला तर तो त्याच्याशीही बोलेल, असं बाई म्हणायच्या, आणि हे त्या त्याच्या बुद्धीबद्दल म्हणायच्या.

संध्याकाळी गाडी सुरू केली तेव्हा शिंप्याची काच थरथरली नाही. आवाज खाली उतरला होता, भरदार झाला होता. "बाई," भोंगा खूश होऊन म्हणाला, "घसा साफ केल्यासारखं वाटतंय हो!" बाईंनी कन्व्हर्टरचा नंबर फॉर्मवर लिहिला, खाली सही केली आणि सहीखाली नेहमीप्रमाणे दोन टिंबं दिली. सोनेरी खोकं भोंग्याच्या हातात परत देत त्या म्हणाल्या, "ह्यात बायकोच्या बांगड्या ठेवा."

"बायको नाही हो," तो म्हणाला. "आई आहे. तिच्या गोळ्या ठेवतो."

चार महिन्यांनी, सकाळी दहाच्या सुमारास, बाई तपासणी केंद्रावर गेल्या. गिऱ्हाइकाबरोबर जायचं बंधन नव्हतं, पण ही गाडी पास होताना त्यांना बघायची होती. केंद्र म्हणजे एक लांबलचक शेड, खाली रोलर, मागे नळ्या आणि आकडे दाखवणारा पडदा. तिथला तपासनीस बाईंना मान द्यायचा. "तुमची गाडी असली की मी आधीच पासचा शिक्का हातात घेऊन बसतो," असं तो म्हणायचा, आणि बाईंना ते खोटं असलं तरी आवडायचं.

गाडी रोलरवर चढली. नळी लावली. आकडे वर चढले आणि खाली यायलाच तयार होईनात. तपासनीसाने गाडी आणखी तापवली आणि पुन्हा मोजलं. पडद्यावर लाल पट्टी तशीच राहिली.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मग, भीती वाटली की त्यांचं जे नेहमी व्हायचं तेच झालं, त्या चिडल्या. "ह्यांनी कन्व्हर्टर बदललाय," त्या मोठ्याने म्हणाल्या. आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. "माझा काढून ते सोनेरी खेळणं बसवलंय. मला माहीत होतं. ह्या लोकांच्या डोक्यात आवाजाशिवाय काही शिरतच नाही. नंबर तपासा!"

"नाही हो बाई," भोंगा म्हणाला. आज तो हसला नाही.

गाडी लिफ्टवर घेतली. नंबर तपासला. नंबर बाईंचाच होता, वेल्डिंग नवऱ्याचं होतं, अंतर वीतभरच होतं. तपासनीसाने बोल्ट सोडवून कन्व्हर्टर उतरवला आणि टर्बोकडच्या तोंडावर टॉर्च मारली. एवढी देखणी ती जाळी, तिच्यावर राखाडी-पांढरा लेप बसला होता, किटलीच्या बुडाला बसतो तसा. त्याने नखाने खरवडून बघितलं.

"तेल," तो म्हणाला. "इंजिन तेल जाळतंय. टर्बोचं सील गेलेलं दिसतं. तेलातली द्रव्यं थरावर बसतात आणि थर मरतो. तुम्हाला मी काय सांगायचं, बाई, तुम्हीच मला सांगाल." मग तो भोंग्याकडे वळला. "गाडी तेल खाते का हो?"

"खाते ना," भोंगा म्हणाला. "महिन्याला लिटरभर घालतो. डिकीत डबाच असतो. त्या दिवशी सकाळीसुद्धा घालूनच आलो होतो."

त्या दिवशी पट्टीवर तेल काठोकाठ का होतं, ते बाईंना आता कळलं. आधी एकदा जरी कळलं असतं, तरी त्यांनी गाडी परत पाठवली असती, आधी टर्बो दुरुस्त करून या म्हणून. वर्गातल्या कुठल्याही पोराने हे उत्तर दिलं असतं. फक्त त्यासाठी प्रश्न विचारायला हवा होता.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" त्यांनी विचारलं. आवाज हवा तितका चढला नाही.

भोंगा त्यांच्याकडे बघत राहिला. "बोलत होतो की, बाई. तुम्ही म्हणालात, बसा."

कोणीतरी फिस्सकन हसलं. तपासनीस हसला नाही, त्याने मान खाली घालून फॉर्म काढला, आणि ते जास्त लागलं. फॉर्मवर नापास होण्याच्या कारणाचे दोन चौकोन होते. एक, निवडीत किंवा बसवण्यात चूक. दोन, वाहनमालकाने दोष लपवला. पहिल्यावर खूण झाली की बाईंची सही गेली. दुसऱ्यावर झाली तर मालकाची गाडी तीन महिने बंद, आणि सही करणाऱ्याला काही नाही.

"काय लिहू?" तपासनीस म्हणाला.

बाईंना गॅरेजातली ती केबिन दिसली. टेबल दिसलं, आणि टेबलामागे बसून फोन उचलणारी, चहा सांगणारी मालकाची बायको दिसली. आपण घाबरलो आहोत, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. फार वर्षांनी.

"सही जाईल का ह्यांची?" भोंग्याने तपासनीसाला विचारलं.

"दुसरी वेळ आहे. जाईल."

"मग दुसऱ्यावर लिहा. मी लपवलं म्हणून लिहा." तो सहज बोलत होता, दुकानात कोणाला जादा उशी देऊन टाकावी तसा. "मला काय, तीन महिने चालत जाईन. पोट तरी कमी होईल. बाईंनी काम चांगलं केलं होतं हो."

ह्या माणसाचा बाईंना त्या क्षणी जितका राग आला, तितका कधीच आला नव्हता. त्याने भांडायला हवं होतं. आरडाओरडा करायला हवा होता, म्हणजे तो काय लायकीचा आहे हे सगळ्यांना दिसलं असतं. त्याऐवजी तो चमकदार जाकीट घालून, पोट पुढे काढून त्यांच्यावर दया करत होता. आणि बाईंना ती दया हवी होती.

मन भराभर युक्तिवाद पुरवायला लागलं. खरंच सांगायचं असतं तर त्याने जोर देऊन सांगितलं असतं. मोठा माणूस आहे, कोणी बसा म्हटलं म्हणून गप्प बसतो का? आणि एवढं तेल पिणारी गाडी घेऊन गावभर फिरणं हा गुन्हाच आहे, ह्या नाही तर त्या चौकोनात. बाईंना प्रत्येक वाक्य पोकळ आहे हे कळत होतं. तरी त्यांनी एकही सोडून दिलं नाही.

"तसंच आहे ते," त्या तपासनीसाला म्हणाल्या. "लपवलं त्यांनी."

तपासनीसाने चष्म्यावरून एकदा बघितलं आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली. भोंग्याने खाली सही केली. "तारीख राहिली," बाई म्हणाल्या. त्याने मुकाट्याने तारीख घातली.

गॅरेजात परत आल्या तेव्हा नवरा लिफ्टखाली एका पाइपाला टाके घालत होता. त्याने वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर सरकवला. "काय झालं? पास?"

"नापास. पण माझ्यावर नाही आलं. गाडी तेल खात होती, त्याने लपवून ठेवलं. तसं लिहून दिलंय त्याने."

"लपवलं?" नवरा बुचकळ्यात पडला. "अगं, लपवलं कुठे? मला सांगितलं होतं की त्याने, इथेच उभा राहून. मी म्हटलं, बाईंना सांगा, कन्व्हर्टर त्या ठरवतात. तर म्हणाला, सांगायला गेलो तर त्यांनी बसवलं."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत मला?"

"सांगितलं ना. घरी गेल्यावर, जेवताना. तू म्हणालीस, गिऱ्हाइकांच्या गप्पा ताटावर आणत जाऊ नका."



नवऱ्याने आयुष्यात कोणाला तुच्छ लेखलं नव्हतं. ते त्याला जमतच नाही, असं बाई समजून होत्या, आणि त्याबद्दल त्याला थोडं कमीही लेखत होत्या. आता तो त्यांच्याकडे बघत होता. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठाचा एक कोपरा किंचित खाली ओढलेला. बाईंना ती नजर ओळखायला क्षणही लागला नाही. वीस वर्षं त्या ती लोकांना देत आल्या होत्या, समोरून कशी दिसते ते आज पहिल्यांदा बघत होत्या.

"सही राहिली ना तुझी?" त्याने विचारलं.

"राहिली."

"मग झालं," तो म्हणाला, आणि मुखवटा खाली ओढून कामाला लागला.